मुंबईतल्या मुक्या रहिवाशांच्या पत्त्यावर

मुंबई बघायला आलेला पाहुणा गेटवेला जातो, मरीन ड्राइव्हवर सेल्फी काढतो, राणीच्या बागेत पेंग्विन बघतो आणि चर्चगेटला वडापाव खाऊन परत जातो. मुंबईकर तर तेवढंही बघत नाही. पण या शहरात आणखी एक वाट आहे. ती कुठल्याही टूर पॅकेजमध्ये मिळत नाही. ही वाट शहरातल्या कुत्र्यांची, गायींची, बैलांची, घोड्यांची आणि कबुतरांची. फोर्टपासून दादरपर्यंत एका दिवसात ती सहज होते. खर्च म्हणाल तर लोकलचं तिकीट, टॅक्सीचं भाडं आणि दोन चहा.

मी आणि बाबा एका शनिवारी या वाटेवर निघालो. कारण मात्र पर्यटनाचं नव्हतं.

बाबा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आवारात तीन कुत्री आहेत, मंगू, काळू आणि लंगडी. त्यातल्या काळूने दुसऱ्या मजल्यावरच्या सहा वर्षांच्या मुलाचा पाय धरला. मुलाने इंजेक्शनं घेतली, जखम भरली, पण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर युद्ध पेटलं. एका बाजूला ‘कुत्री हटवा’, दुसऱ्या बाजूला ‘आधी माणसं सुधारा’. सुप्रीम कोर्टाच्या बातमीचा जो तुकडा आपल्या बाजूचा असेल, तो दोन्हीकडून फॉरवर्ड होत होता. रविवारी मीटिंग होती. मी बाबांना म्हटलं, “एक दिवस फोन बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर चला.” फोन अर्थातच बाजूला राहिला नाही. माझ्या फोनवर घरच्या कॅमेऱ्यातून आमची मांजर चिंगी दिसत होती आणि बाबा ठाण्यापर्यंत तिलाच बघत होते.

फोर्ट: जिथे कुत्र्यांसाठी दंगल झाली

सीएसएमटीला उतरून आम्ही होमी मोदी स्ट्रीटवर गेलो. इथे बॉम्बे हाऊस आहे, टाटा समूहाचं १९२४ पासूनचं मुख्यालय. २०१८ मध्ये दुरुस्तीनंतर ते पुन्हा उघडलं, तेव्हा आत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली केली गेली. रतन टाटांचा लाडका ‘गोवा’ इथलाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटांच्या अंत्यदर्शनाला त्यालाही आणलं होतं, ते दृश्य तुम्हीही फोनवर पाहिलं असेल. आपल्याला आत जाता येत नाही, पण इमारत बाहेरून बघावी अशीच आहे.

या फोर्ट भागाचा कुत्र्यांशी संबंध मात्र त्याहून खूप जुना आहे. १८३२ मध्ये इथे चक्क कुत्र्यांसाठी दंगल झाली होती. त्या काळी ब्रिटिश सरकार उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायला परवानगी देत असे. त्या वर्षी ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. एका कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्यामुळे पकडणारे पाळीव कुत्रीही सोडेनात. ६ जूनला पारशी मंडळींनी पोलिसांना अडवलं. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान, अगदी अंत्यविधीतसुद्धा कुत्र्याची नजर मृतदेहावर पडावी लागते. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही सामील झाले आणि कुलाब्याच्या छावणीचा अन्नपुरवठा थांबला. सरकारने लष्कर बोलावून दंगल मोडली. पण पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, असा मार्ग निघाला.

बाबा ऐकून म्हणाले, “म्हणजे आपल्या ग्रुपवरचं भांडण एकशे नव्वद वर्षं जुनं आहे!”

भुलेश्वर: गल्लीच्या पोटातला गोठा

तिथून चालत क्रॉफर्ड मार्केटवरून आम्ही भुलेश्वरकडे वळलो. उन्हात चालवत नसेल तर टॅक्सी करा. भुलेश्वरच्या बांगड्या, लेस, देवाचे कपडे आणि फरसाणाच्या गर्दीत एक दार आहे. त्यातून आत गेलं की एकदम शेणाचा आणि ओल्या चाऱ्याचा वास येतो. हा मुंबईचा पांजरापोळ. दंगलीनंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांनी तो सुरू केला, तो मुख्यतः बेवारस कुत्र्यांना आणि इतर जनावरांना आसरा मिळावा म्हणून. ज्या जागेचं भाडं आज विचारायलाही भीती वाटते, तिथे शेकडो गायी निवांत रवंथ करत उभ्या आहेत. लोक चाऱ्याची पेंढी विकत घेतात, गायीला घालतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि दुकानावर परत जातात.

बाबांनीही पेंढी घेतली. गायीने ती तीन घासांत संपवली आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीकडे बघायला लागली. इथे मला जाणवलं ते असं, की आपल्याकडे जनावरावर दया करणारे पूर्वीही कमी नव्हते. पण नुसती दया पुरत नाही. रोज चारा, पाणी, शेण उचलायला माणूस आणि वर्षानुवर्षांचा हिशेब लागतो. त्या सेठ लोकांनी भावनेबरोबर पैसाही घातला, म्हणून ही जागा टिकली.

महालक्ष्मी आणि परळ: दोन दवाखाने, एकशे चाळीस वर्षं

चर्नी रोडवरून धिम्या लोकलने महालक्ष्मी गाठलं. पुलावरून धोबीघाट दिसतो, परदेशी पाहुणे फोटो काढत असतात. याच महालक्ष्मी भागात २०२४ च्या जुलैमध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांसाठीचं रुग्णालय सुरू झालं. सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून उभारलेलं, मजल्यावर मजले असलेलं. कुत्र्या-मांजरांना इथे माणसांसारखं स्कॅन, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग सगळं आहे. रुग्णालय ही काही फिरायची जागा नाही, म्हणून आम्ही बाहेरूनच बघितलं. मांजराची पिशवी छातीशी धरून टॅक्सीतून उतरणाऱ्या एका आजोबांचा चेहरा कुठल्याही दवाखान्याबाहेर दिसतो तसाच होता.

तिथून प्रभादेवी आणि पूल ओलांडून परळ. रिक्षा या भागात नसतात हे बाहेरून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. परळमध्ये केईएम, वाडिया, टाटा मेमोरियल असे मोठे दवाखाने जवळजवळ आहेत. त्यांच्याच शेजारात बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, १८८३ सालचं. हे नाव घेऊन पत्ता विचाराल तर लोक विचारात पडतील. ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणा, लगेच बोट दाखवतील. ट्राम आणि व्हिक्टोरिया ओढणारे घोडे, गाड्यांचे बैल इथे यायचे. बैल गेले, ट्राम गेली, व्हिक्टोरियाही गेल्या, नाव मात्र राहिलं. दिनशा माणेकजी पेटिट यांनी ते पत्नीच्या नावाने उभारलं. १८८६ मध्ये इथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

आवारात जुनी झाडं आहेत. एका बाकावर एक रिक्षावाले काका मांडीवर रस्त्यावरचं पिल्लू घेऊन बसले होते. मुलुंडहून आले होते. बाबांनी विचारलं, “तुमचं आहे?” ते म्हणाले, “स्टँडवरचं आहे. पण आज माझंच.”

हे वाक्य बाबांनी दिवसभरात दोनदा पुन्हा म्हटलं.

परळमधून चालताना बाबा त्यांच्या लहानपणीची आठवण सांगत होते. त्यांच्या मोठ्या भावाला कुत्रा चावला होता आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. आता ती पोटात देत नाहीत, दंडात देतात आणि संख्याही कमी झाली आहे. पण एक गोष्ट तीच आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, चुना काहीही लावायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्या दिवशी नेमकं हेच केलं होतं. त्यांचा राग मला तिथे, दवाखान्यांच्या त्या रस्त्यावर, जास्त कळला.

दादर: पाखरांचा चौक

शेवटचा थांबा दादर पश्चिमेचा कबुतरखाना. वर्षानुवर्षं इथे दाणे टाकणाऱ्यांची रांग असायची. कबुतरांच्या विष्ठेमुळे फुफ्फुसाचे आजार होतात, हे डॉक्टर बरीच वर्षं सांगत होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टातल्या सुनावणीनंतर महापालिकेने इथे ताडपत्री घातली. ६ तारखेला जमावाने ती फाडली. १८३२ नंतर पुन्हा मुंबईत जनावरांसाठी माणसं रस्त्यावर आली. फरक एवढाच की या वेळी समोर परके नव्हते. समोर होते ते शेजारच्या इमारतीत दम्याने खोकणारे आपलेच लोक.

चौकात उभं राहून मला वाटलं ते सांगते. पटलं नाही तर जरूर वाद घाला. प्राण्यावर प्रेम करणं आणि त्याला वाटेल तिथे खायला टाकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाणे टाकून आपण घरी जातो, निस्तरतं कोणी दुसरंच. आणि नुसतं ‘हटवा’ म्हणणंही तितकंच सोपं आहे. मुंबईत नव्वदच्या दशकापर्यंत भटकी कुत्री मारली जात. तरी कुत्री संपली नाहीत. कचरा तसाच राहिला तर रिकाम्या जागेत नवी कुत्री येतात आणि त्यांची नसबंदी किंवा लसीकरण झालेलं नसतं.

सुप्रीम कोर्टाचा प्रवासही असाच झाला. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात न्या असा आदेश आला. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांनी तो बदलला. नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन कुत्र्यांना त्यांच्या जागी परत सोडा, पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना सोडू नका, खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा ठेवा. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा आवारांमधून कुत्री हटवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश झाला. आमच्या ग्रुपवर यातली एकेक तारीख सुटी फिरत होती. तिन्ही एकत्र वाचल्या तर चित्र वेगळं दिसतं.

रविवारची मीटिंग

मीटिंगमध्ये बाबांनी भाषण केलं नाही. त्यांनी तीन गोष्टी मांडल्या. खाणं पंप रूमच्या मागे, रात्री नऊनंतर, गेट आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब. खाऊ घालणाऱ्यांनी नावं लिहून द्यायची आणि जागा स्वच्छ ठेवायची. ज्याच्या कानाचं टोक कापलेलं नाही, म्हणजे ज्याची नसबंदी झालेली नाही, अशा काळू आणि लंगडीला नसबंदी आणि लसीकरणासाठी न्यायचं, खर्च वर्गणीतून. काळू पुन्हा कोणाच्या अंगावर गेला, तर त्याला आवारात ठेवायचं नाही. मी गळपट्ट्यांवर क्यूआर कोड सुचवला. २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस कुत्र्यांना असे टॅग लावले होते. स्कॅन केलं की लस कधी झाली ते कळतं. हे मात्र तरुण मंडळींनी लगेच उचललं.

ठराव पास झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी हात वर केला नाही. त्या म्हणाल्या, “तुमचं सगळं बरोबर असेल. पण माझा मुलगा अजून एकटा जिना उतरत नाही.” यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. बाबा म्हणाले, “शाळेच्या बसपर्यंत सकाळी मी त्याच्याबरोबर येत जाईन.” तेव्हापासून रोज सव्वासातला ते खाली जातात.

तुम्हालाही ही वाट करायची असेल तर सकाळी लवकर निघा, साधे बूट घाला, पाण्याची बाटली ठेवा. दवाखान्यांच्या आवारात फोटो काढण्याआधी विचारा आणि रस्त्यातल्या कुत्र्याला उगाच डिवचू नका. शक्य झालं तर ज्याच्याशी या विषयावर तुमचं पटत नाही, त्यालाच सोबत न्या. दादरला परतीची लोकल पकडेपर्यंत निदान बोलायला तरी बरंच काही असतं.