माजघरापर्यंत

जुन्या वाड्यांच्या भिंतींविषयी आपल्या मंडळींनी आजवर मोठ्या अभिमानाने लिहिले आहे. ग्वाल्हेरच्या लष्करातला आमचा वाडा त्यांपैकीच एक. दीड-दीड हात रुंदीच्या दगडी भिंती, वर दगडी पट्ट्यांचे छत. ज्येष्ठातल्या लूमध्ये बाहेर पारा ४५ अंशांवर चढला, तरी आमच्या माजघरात दुपार सुसह्य असते. मात्र उन्हाला अडविणाऱ्या ह्या भिंती बिनतारी लहरींनाही तितक्याच निष्ठेने अडवितात, हे घरात इंटरनेट आल्यावर उमगले.

तार रस्त्याच्या बाजूने आली, म्हणून राउटर दिवाणखान्यात बसला. सासूबाईंची खोली माजघराच्याही मागे. मध्ये तीन भिंती. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांचे हिंडणे-फिरणे जवळजवळ थांबले आहे. धाकटे भाऊजी टोरांटोस असतात. रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या रात्री, मोबाइलवर त्यांचा चेहरा दिसला की सासूबाईंचा आठवडा साजरा होतो.

तो चेहरा निम्मा वेळ थिजलेलाच असे. एका रविवारी वाड्याचा विषय निघाला. "मला वाडा विकायचा" एवढे शब्द आले आणि चित्र गोठले. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. भाऊजींचा "नाही" त्या तीन भिंतींत कुठेतरी अडकून राहिला. संध्याकाळी ह्यांनी दिवाणखान्यातून पुन्हा फोन लावला, तेव्हा तो कळला. तोवर सासूबाईंनी अन्नाला स्पर्श केला नव्हता.

"आई, तुझी खाट बाहेर आणू या," हे म्हणाले.

"ह्याच खोलीत तुम्ही दोघे जन्मलात. त्या डबीपायी मी बाहेर येऊ? तिलाच आत आण."

मग बाजार पालथा घालणे आले. दुकानदाराने आठ शिंगांचा एक भारी राउटर पुढे ठेवला. नवे 'वाय-फाय ६' म्हणून त्याची थोरवी सांगितली. हे प्रमाण २०२१ साली मान्य झाले आहे आणि एका वेळी अनेक उपकरणे सांभाळण्यात ते खरोखरच सरस आहे. पण आमचे दुखणे निराळे होते. आमच्या भाच्याने ते फार सोपे करून सांगितले. "मामी, राउटर कितीही मोठ्याने ओरडला, तरी आजीच्या हातातल्या मोबाइलला उलट उत्तर देता आले पाहिजे ना? त्याचा आवाज लहानच राहणार." शिवाय राउटरने किती जोराने बोलावे, यालाही सरकारी मर्यादा आहे. राउटरच्या लहरी प्रामुख्याने दोन जातींच्या. सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलनांची लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी पार होते, पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची आणि मायक्रोवेव्ह भट्टीचीही गर्दी. सुमारे ५०० कोटींची वेगवान खरी, पण दगडापुढे लवकर हात टेकते. मध्येच ठेवायचा रिपीटर क्षीण झालेलाच आवाज पुढे सांगतो आणि त्यात बराचसा वेग गमावतो. सपाट छताच्या छोट्या सदनिकेत ह्या युक्त्या चालतात, वाड्यात नाही.

तेव्हा भिंतीशी भांडायचे सोडून तारच आत न्यायची ठरली. तांब्याची ही जाळ्याची तार १०० मीटरपर्यंत निर्वेध चालते. आम्हांला २० मीटरही लागली नाही. दारांवरच्या झरोक्यांतून, विजेच्या तारांपासून अंतर राखून ती ओढली. भिंतीला एकही भोक पाडावे लागले नाही. दिवाणखान्यात मध्यम किमतीचा नवा राउटर आला आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला सासूबाईंच्या खोलीत एक लहानसे जोडउपकरण. दोहोंचे नाव आणि परवलीचा शब्द एकच ठेवल्याने मोबाइलला फेरफार जाणवत नाही. ते लोखंडी कपाटामागे ठेवायचे नाही, असे भाच्याने बजावले होते. म्हणून पूर्वी समई असायची त्या कोनाड्यात ते विराजमान झाले. सासूबाईंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. तापेल म्हणून तो मी काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता.

माडीवर अद्याप काही पोहोचत नाही. त्यामुळे नातवंडे अभ्यासाला खाली आजीच्या खोलीत येऊन बसतात, तिच्याच खाटेवर पुस्तके पसरतात. आणखी एक तार वर नेऊ या, असे हे दोनदा म्हणाले. "घाई काय आहे?" असे सासूबाईंचे म्हणणे.