कुलाब्याहून कुलाब्याला

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर चार दिवसांची रजा टाकून इंदूरला जाऊन आलो. मावशी तिथे अन्नपूर्णा भागात राहायची, देवळापासून चालत पाच मिनिटांवर. लग्न होऊन फोंड्याहून ती तिकडे गेली त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली, पण फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, "पाऊस कसा आहे रे तिकडे?" गोव्याच्या माणसाच्या अंगातून पाऊस जात नाही हेच खरं.

मी गेलो होतो तिची समजूत घालायला. मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, शहराबाहेर एका खेड्यात घर बांधलं होतं आणि अन्नपूर्णेतलं जुनं घर विकायचं ठरवलं होतं. मावशी तयार नव्हती. देवघर, काकांच्या आठवणी, शेजारपाजार अशी कारणं असतील असं धरून मी उत्तरंही तयार ठेवली होती. मावशीने भलतंच कारण सांगितलं.

"अरे, वही तुटेल ना!"

काका भूगोलाचे मास्तर. त्यांनी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला होता. एक नरसाळं, खाली बाटली आणि काचेची मोजपट्टी. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, मोजायची, वहीत लिहायचं. हवामान खातंही साडेआठलाच पाऊस मोजतं, म्हणून वेळ चुकवायची नाही. काका गेल्यावर हे काम मावशीकडे आलं. चाळीसच्या वर पावसाळे त्या वह्यांमध्ये आहेत.

खरं सांगतो, मला हसू आलं. मी सरकारी कारकून. आमच्याकडे एखादा विभाग दुसऱ्या इमारतीत गेला की जुन्या आवक रजिस्टरवर लाल रेघ मारतात आणि नव्या जागी अनुक्रमांक एकपासून सुरू. वही तुटते म्हणून कोणी रडत नाही. मी तसं बोलूनही गेलो. मावशी काही बोलली नाही, उठून आत गेली. रात्री झोप लागेना. आपण काहीतरी चुकीचं बोललो एवढं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दादाबरोबर भोपाळला एका कामासाठी गेलो. वाटेत सिहोर जिल्हा लागतो. तिथल्या सिलखेडा नावाच्या खेड्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सुमारे शंभर एकरांवर एक मोठं संशोधन केंद्र उभारलं आहे. ते २०२४ साली सुरू झालं आणि तिथे डॉप्लर रडारही आहे. बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे मध्य भारतावरून पुढे सरकतात, ते नीट पाहायला ही जागा सोयीची. शिवाय शहराचा धूर आणि धूळ यांपासून दूर. दादा म्हणाला, "बघ, पुण्याचे शास्त्रज्ञ खेड्यात येतात, आणि आई खेड्यात जायला तयार नाही!"

रडारची गोष्ट समजायला सोपी आहे. रडार लहरी सोडतं, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात, त्यावरून पाऊस कुठे आणि किती ते कळतं. मध्ये उंच इमारत उभी राहिली की तिच्यामागचा तेवढा भाग आंधळा, भाकरीचा तुकडा मोडून काढावा तसा. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे लहर जसजशी लांब जाते तसतशी जमिनीपासून वर उचलली जाते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली लहर शंभर किलोमीटरवर जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंच असते. तिच्याखाली पडणारा पाऊस तिला दिसतच नाही. म्हणून जागा हीच मुख्य गोष्ट. २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३ मिलिमीटर. कुलाब्याच्या रडारच्या जोडीला जोगेश्वरीच्या वेरावलीत दुसरं रडार आलं ते जानेवारी २०२२ मध्ये.

कुलाबा म्हटल्यावर मला एक जुनी हकिगत आठवली, आणि मावशीला काय म्हणायचं होतं ते तेव्हा डोक्यात शिरलं.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. १८४१ पासून तिथे हवामानाबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी सुरू झाल्या. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी तिथे काम पाहिलं. पुढे टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले केरो लक्ष्मण छत्रे ऐन तारुण्यात तिथे साहाय्यक होते. हे केरूनाना मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. हे गाव लक्षात ठेवा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून परत जाते, त्यातली काही जमिनीत झिरपते, आणि तेवढ्यानेही वेधशाळेतली नाजूक चुंबकसुई हलते. मग सुई पृथ्वीचं सांगते की ट्रामचं, हे कोण ठरवणार? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. हवामानाच्या नोंदी कुलाब्यातच राहिल्या. अलिबागची इमारत बांधताना लोखंड टाळलं, चुंबकाशी देणंघेणं नसलेला पोरबंदरी दगड वापरला. अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्याचंही नाव कुलाबा, आणि १९८१ पर्यंत त्या जिल्ह्याचंही. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून निघाली आणि कुलाब्यालाच पोचली, तीही केरूनानांच्या गावाशेजारी!

पण मूस यांचं खरं मोठेपण पुढेच आहे. त्यांनी जुन्या जागेवर लाल रेघ मारली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांमधला फरक किती, हे आकड्यांत बांधून घेतलं आणि मगच कुलाब्याची सुई थांबवली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. म्हणून १८४० च्या दशकापासून आजपर्यंतची नोंद एका धाग्यात वाचता येते.

संध्याकाळी हे सगळं मावशीला सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडे मोजायचं?"

दादाने घराचा व्यवहार एक पावसाळा पुढे ढकलला. त्याला त्याचं नुकसानही सोसावं लागलं, पण तो काही बोलला नाही. नव्या घरी मोकळ्या अंगणात मावशीने दुसरा पर्जन्यमापक बसवला. अन्नपूर्णेतला दादाची मुलगी मोजायची, कॉलेजला जाण्यापूर्वी, साडेआठला. रात्री दोघींचा फोन.

सप्टेंबर संपता संपता मावशीचा मला फोन आला. वाऱ्यासकट पाऊस आला की अन्नपूर्णेचा आकडा हमखास कमी. मग तिने जुन्या वह्या काढल्या. शेजारच्या दोन उंच इमारती झाल्या तेव्हापासून आकडे घसरलेले. मोजमाप आडोशाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावं असा नियम आहे, आणि आमची गच्ची तर विहिरीचा तळ होऊन बसली होती. "वही तर कधीच तुटली होती रे," मावशी म्हणाली, "मी घर सोडलं नाही, पण घरच माझ्याखालून हललं."

यावर मी काय बोलणार? मला आपलं कुर्डी आठवलं. साळावली धरणात गेलेल्या त्या गावच्या लोकांना जुन्या आणि नव्या घरांत मिळून एकही पावसाळा काढता आला नाही. पाणी आलं आणि रेघ ओढली गेली. आता मे महिन्यात पाणी ओसरतं तेव्हा ती माणसं आपल्या देवळाशी जाऊन उभी राहतात. तुटलेला धागा पुन्हा हातात घ्यावा तशी.

अन्नपूर्णेतलं घर पुढच्या मार्गशीर्षात विकलं. कागदांवर सही करताना मावशी रडली नाही. वह्या आता नव्या घरी आहेत. शेवटच्या वहीत तिने लाल रेघ मारलेली नाही. दोन रकाने आखले आहेत, डावीकडे अन्नपूर्णा, उजवीकडे नवं घर. एक पावसाळाभर दोन्ही भरलेले. पुढे डावा रकाना कोरा आहे, पण आखलेला आहे.