सेक्रेटरीबाई

बिॲट्रिस द कार्डी हे नाव मी बरीच वर्षं पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या खात्यावर मांडत होतो. व्हीलर यांची सेक्रेटरी, साहेबांच्या ओळखीवर बलुचिस्तान फिरून आलेली, बाकी जन्म कचेरीत गेलेला. मी पुरातत्त्वावर लिहितो आणि त्यात माझा एक हट्ट होता. हे काम पूर्णवेळ करणाऱ्यांचंच. नोकरीतून सवड काढून टेकाडांवर खापरं वेचणाऱ्यांचं कौतुक करावं, त्यांना चहा पाजावा, पण त्यांना फार मनावर घेऊ नये. हे मत आता माझं राहिलेलं नाही.

द कार्डीबाईंचा जन्म १९१४चा, लंडनचा. विद्यार्थिदशेत त्या डॉर्सेटमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननावर गेल्या. (आपले पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियाही त्याच सुमारास त्याच मातीत व्हीलर यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात आले.) मग लंडन म्युझियममध्ये त्या व्हीलर यांच्या सेक्रेटरी झाल्या. युद्ध आलं, व्हीलर फौजेत गेले आणि बाई सरकारी नोकरीत. चीनमधल्या चुंगकिंगला दोस्त राष्ट्रांच्या रसदपुरवठ्याचं काम पाहणारं एक कार्यालय होतं, तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या त्या सहायक होत्या. युद्ध संपल्यावर ब्रिटनच्या व्यापार आयुक्तांच्या कचेरीत दिल्लीची नेमणूक मिळाली. फाळणीनंतर कराची आणि लाहोर.

ही सगळी वर्षं मी वाया गेलेली धरत होतो. १९४४ ते १९४८ व्हीलर भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते, तक्षशिलेला त्यांनी तरुणांची फळी तयार केली, आणि बाई मात्र व्यापारी पत्रव्यवहार सांभाळत बसल्या! पण व्यापाराच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाला माल कुठून निघतो, कुठल्या वाटेनं जातो, कुठे अडतो याचीच चौकशी दिवसभर करावी लागते. त्यांनी पुढे खापरांना विचारलेले प्रश्न नेमके हेच आहेत. हा संबंध त्यांनी स्वतः सांगितलेला नाही, तो माझा तर्क आहे. पण मला तो आता सुटत नाही.

१९४८ साली त्या बलुचिस्तानात उतरल्या. पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगट हेही युद्धकाळात दिल्लीत लष्करासाठी हवाई छायाचित्रं वाचण्याचं काम करत होते आणि उरलेल्या वेळात संग्रहालयांतली खापरं पाहत होते. क्वेट्ट्याजवळच्या रंगीत खापरांवर त्यांनी लिहिलं होतं. ती खापरं दक्षिणेकडे कुठवर पोचतात हे बाईंना पाहायचं होतं. सोबत सदर दीन नावाचा, व्हीलर यांच्याबरोबर काम केलेला माणूस. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण टेकाड नैसर्गिक की माणसांच्या वस्तीचं, हे त्याला कळायचं. पदवीवरून माणूस जोखणाऱ्या माझ्यासारख्याची पंचाईत इथे दुहेरी होते. बाई कचेरीतल्या, आणि त्यांचा डोळा म्हणजे हा निरक्षर मुकादम.

तरी माझं मत बदललं ते त्यांच्या भटकंतीमुळे नव्हे. भटकंतीच्या गोष्टी सगळ्यांकडेच असतात. बदललं ते प्रकाशनाच्या तारखा पाहताना. उत्खनन करून अहवाल न लिहिणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, ही व्हीलर यांची शिकवण आमच्याकडे प्रत्येक जण ऐकवतो. आणि पूर्णवेळ पगार घेऊन केलेल्या किती उत्खननांचे अंतिम अहवाल अजून यायचेत, हेही प्रत्येकाला ठाऊक आहे. द कार्डीबाई १९४९पासून १९७३पर्यंत लंडनला ‘कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजी’चा कारभार पाहत होत्या, म्हणजे पुन्हा टेबल, पुन्हा फायली. ती नोकरी सांभाळून १९५७ला त्यांनी बलुचिस्तानात अंजिरा आणि सियाह दंब इथे खोदलं. वृत्तांत १९६५ला आला. १९६६ला इराणमध्ये बामपूर, अहवाल १९७०ला. निवृत्त झाल्या त्या वर्षी कतारला मोहीम नेली, पुस्तक १९७८ला. १९४८च्या पाहणीतून लोंडो खापरांची ओळख त्यांनी १९५१मध्येच करून दिली होती, तरी उरलेलं ओझं त्यांनी खांद्यावरून उतरवलं नाही. १९४८ आणि १९५७ या दोन्ही पाहण्यांचा एकत्र ग्रंथ १९८३ला छापून झाला. पस्तीस वर्षं एक फाइल उघडी ठेवून शेवटी निकाली काढायची, याला कारकुनी चिवटपणाच लागतो. मी तो शब्द आजवर हिणवायला वापरत होतो.

बामपूरची खापरं आणि आखाताच्या पलीकडची खापरं यांचं नातं त्यांना दिसलं, म्हणून १९६८ला त्या रास अल खैमाला गेल्या. तिथल्या वस्तूंची नोंद करायला त्या नव्वदीनंतरही जात राहिल्या. २०१६मध्ये, एकशे दोनाव्या वर्षी त्या वारल्या.

एका बाबतीत मात्र माझं जुनं मत तसंच आहे: ते फिरणं साहेबांच्या ओळखीवरचंच होतं. १९४८ची बलुचिस्तानातली पाहणी थांबली कारण मुलूख असुरक्षित झाला, टोळ्यांचा उपद्रव होता, असं त्यांच्यावर लिहिणारे सांगतात आणि पुढे जातात. पण त्याच वर्षी मार्चमध्ये तिथलं कलात संस्थान पाकिस्तानात सामील झालं आणि कलातच्या खानाच्या धाकट्या भावानं, अब्दुल करीमनं, त्याविरुद्ध बंड पुकारलं. साहेबी शिफारसपत्र घेऊन फिरणाऱ्याला ज्या टोळ्या फक्त उपद्रव वाटतात, त्यांचं स्वतःचं काही म्हणणं होतं. खापरांचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या या परंपरेत त्याची नोंद कुणी घेतली, हे मी अजून शोधतो आहे.