व्याह्याने धाडलेले घोडे

शस्त्रक्रियेला वाहिलेल्या नियतकालिकात मुख्य संपादकाच्या नावाखाली सहयोगी संपादकांची यादी छापलेली असते. वाचक ते पान उलटून पुढे जातात. लेख पाठवणारे मात्र ते निरखून वाचतात, कारण आपला निबंध कोणाच्या हाती पडणार याचा अंदाज तिथेच येतो. आलेला निबंध मुख्य संपादक विषय पाहून वाटून देतो: आतड्यांचा एकाकडे, यकृत-स्वादुपिंडाचा दुसऱ्याकडे, स्तन आणि थायरॉइडचा तिसऱ्याकडे, अपघाताच्या जखमांचा आणखी कोणाकडे. निबंध समीक्षणाला पाठवण्याजोगा आहे का, हे सहयोगी संपादक आधी ठरवतो. असेल तर दोन-तीन समीक्षक शोधतो, नकार आले की नवे शोधतो, अहवाल एकमेकांशी भांडत असतील तर त्यांतून एक मत बनवतो, आणि स्वीकारावा, दुरुस्तीसाठी परत पाठवावा की नाकारावा अशी शिफारस करतो. अखेरचा शब्द मुख्य संपादकाचा असतो, पण निर्णय बहुतेक वेळा त्याआधीच होऊन गेलेला असतो.

नेमणुकीची सर्वांत जुनी रीत साधी होती. बर्लिनच्या बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांनी १८६० मध्ये शस्त्रक्रियेचे ‘आर्काइव्ह’ सुरू केले तेव्हा संपादनासाठी त्यांनी बाहेर शोध घेतला नाही. आपल्याच हाताखालचे दोघे, थिओडोर बिलरोथ आणि अर्न्स्ट युलियस गुर्ल्ट, त्यांनी कामाला लावले. अर्ज नाही, मुलाखत नाही. गुरूने सांगितले, शिष्यांनी केले. बिलरोथ पुढे झुरिकला आणि तिथून व्हिएन्नाला प्राध्यापक झाले, गुर्ल्ट यांनी शस्त्रक्रियेचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. निवड चुकली असे कोणी म्हणणार नाही. तरी एक गंमत उरते. १८८१ मध्ये बिलरोथ यांनी जठराचा कर्करोगाने ग्रासलेला भाग कापून काढला आणि रुग्ण त्या शस्त्रक्रियेतून उठली. अशा शस्त्रक्रियेतून रुग्ण उठण्याची ती पहिलीच वेळ. ही बातमी त्यांनी व्हिएन्नाच्या एका वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकाला लिहिलेल्या खुल्या पत्रातून जगाला दिली. ज्याने आर्काइव्हची घडी बसवली, त्यालाही घाईच्या वेळी साप्ताहिकच जवळचे वाटले.

अमेरिकेत ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ १८८५ मध्ये निघाले. ब्रुकलिनचे लुईस पिल्चर आणि लंडनचे कीटली अशी जोडी होती, म्हणजे महासागराच्या दोन्ही काठांवर एकेक माणूस. पिल्चर १९३४ पर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे, त्या जागी राहिले. हल्ली सहयोगी संपादकाची मुदत साधारण तीन वर्षांची असते. एकच माणूस पन्नास वर्षे बसला तर काय बिघडते ते सर्वांना कळते. तीन वर्षांत काय राहून जाते ते तितके कळत नाही: पहिले वर्ष भरवशाचे समीक्षक कोण हे ओळखण्यात जाते, तिसरे वर्ष जागा कोणाला द्यायची या कुजबुजीत.

पुष्कळ नियतकालिके आता जागा भरताना जाहीर आवाहन करतात, कारकिर्दीचा तपशील आणि एक टिपण मागवतात. संघटनेच्या मालकीचे नियतकालिक असेल, जसे भारतीय शल्यचिकित्सकांच्या संघटनेचे ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’, तर संघटनेची मर्जीही त्यात येते. जाहिरात काहीही म्हणो, हमखास पाहिले जाते ते एकच: या माणसाला समीक्षणाचे काम दिले तेव्हा त्याने नीट वाचून मुदतीत अहवाल दिला का. थोडक्यात, जो आधीच ओझे वाहतो त्याच्याच डोक्यावर आणखी एक पाटी चढते.

‘घरचं झालं थोडं, आणि व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण इथे लागू पडते, निदान प्रथमदर्शनी. नेमणूक होते तो सर्जन सकाळी राउंड घेतो, दिवसभर ओपीडीत नाही तर ओटीत असतो, रात्री इमर्जन्सीला धावतो, आणि उरलेल्या वेळात पीजी विद्यार्थ्यांचे थिसिस तपासतो. त्यात हे निबंध येऊन पडतात. मानधन बहुधा नसते, असले तर नावापुरते. पण म्हण थोडी ताणून पाहिली की ती अडखळू लागते. घोडे येणे ही आपत्ती आहे असे म्हणीत कुठेही म्हटलेले नाही. ते धाडले, एवढेच म्हटले आहे. घोडे ही ऐऱ्यागैऱ्याला परवडणारी गोष्ट नव्हती. ते दारात बांधलेले दिसले की गावात पत वाढायची, आणि त्याच दिवसापासून हरभरा, वैरण आणि खरारा करणाऱ्या माणसाचा खर्चही सुरू व्हायचा. परत पाठवण्याची सोय नाही, कारण लेक त्या घरी नांदते आहे.

शिवाय घोडे भेट म्हणून आले की सांभाळायला, याचा उलगडा म्हण करत नाही. भेट असेल तर त्यावर बसून यजमानाने खुशाल बाजारहाट करावा. सांभाळायला असेल तर व्याही एक दिवस ते मागणार, आणि घोडे वाळलेले दिसले तर नाक मुरडणार. सहयोगी संपादकपद बाहेरून भेटीसारखे दिसते: नाव छापून येते, बायोडेटात एक ओळ वाढते, परिषदेत सत्राचे अध्यक्षस्थान मिळते. आतून ते सांभाळणीचे काम असते. निर्णयाला किती दिवस लागले, किती निबंध नाकारले, इम्पॅक्ट फॅक्टर चढला की उतरला, याचा हिशेब विचारला जातो. आणि खुद्द व्याही कोण, हे तर सांगताच येत नाही. मुख्य संपादक म्हणावे, तर तोही तसाच दमलेला सर्जन. संघटना म्हणावी, तर तिचेच सभासद लेखक, तेच समीक्षक, तेच वाचक. प्रकाशन कंपनी म्हणावी, तर चारा एकाचा आणि स्वारी दुसऱ्याची असा मामला होतो. त्याला बहुधा वेगळी म्हण लागेल. इतके होऊनही बोलावणे आले की नकार देणारे थोडेच निघतात. नवे काम इतरांच्या आधी वाचायला मिळते, हे कारण सांगितले जाते. दुसऱ्याच्या निबंधावर निकाल देण्यात जी गोडी आहे, ती सांगितली जात नाही.

नेमणुकीत अलीकडे आणखी एक विचार शिरला आहे: मंडळावर कोणत्या प्रकारची माणसे नाहीत, हा. त्याला कारणेही घडली. ‘जर्नल ऑफ व्हॅस्क्युलर सर्जरी’मधल्या एका निबंधाने तरुण सर्जनांच्या समाजमाध्यमांवरील छायाचित्रांची छाननी केली आणि पोहण्याच्या पोशाखातली छायाचित्रे व्यवसायाला न शोभणाऱ्या गोष्टींच्या संभाव्य यादीत घातली. २०२० मध्ये जगभरच्या महिला डॉक्टरांनी त्यावर झोड उठवली. निबंध मागे घेतला गेला, संपादकांनी माफी मागितली. तो निबंध संपादक आणि समीक्षक अशा सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेला होता. तिथे वेगळे डोळे असते तर तो अडला असता, असा निष्कर्ष सहज निघतो, आणि बहुधा तो बरोबर आहे. हाच निष्कर्ष मागे नेऊन जुन्या एका प्रकरणाला लावला, तर मात्र तो इतका सहज उरत नाही.

ते प्रकरण पुण्याचे आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने एक पत्र छापले. कावसजी नावाचा बैल हाकणारा माणूस टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. तो पकडला गेला, आणि टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला, मग पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवे नाक बसवले. कृती तपशिलाने दिली होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घ्यायचा, तो कपाळावर सपाट करून त्याभोवती रेघ काढायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांमध्ये एक पट्टी न कापता ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहते. मग कातडी अर्धी फिरवून खाली आणायची आणि तासलेल्या कडेच्या खाचेत बसवायची. वर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनंतर तुपात बुडवलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी या माहितीच्या आधारे १८१४ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे यांचे नासारचनेवरचे पुस्तक आले, त्यात भारतीय रीत होतीच. ग्रेफे यांच्या जागी डिफेनबाख आले आणि डिफेनबाख यांच्या जागी १८४८ मध्ये लांगेनबेक. आर्काइव्ह ज्या अध्यासनाच्या छायेत जन्मले, तिथे पुण्याचे नाक त्याच्या चाळीसेक वर्षे आधी पोचले होते, आणि तेही कविता, हवामानाचे तक्ते व मृत्यूच्या बातम्या छापणाऱ्या मासिकातून.

या पत्रातली नावांची वाटणी विलक्षण आहे. लिहिणाऱ्याची सही ‘बी. एल.’ एवढीच. पत्र ज्या ‘मिस्टर अर्बन’ला उद्देशून आहे तो माणूसच नव्हता, ते संपादकाचे परंपरेने चालत आलेले टोपणनाव. शस्त्रक्रिया करणाऱ्याची जात आहे, नाव नाही. ती डोळ्यांनी पाहणारे मुंबई इलाख्याचे दोन डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, नावाने येतात. त्यांतलेही फिंडले हे नाव चुकीचे छापले गेले. उजेडात आहे तो रुग्ण, नावासकट आणि चित्रासकट. आजच्या नियमांनी हे सगळे नेमके उलटे हवे. ओळख लपवायची ती रुग्णाची. लेखक, संपादक, शल्यचिकित्सक यांची नावे हवीतच. आजच्या कुठल्याही कर्तव्यदक्ष सहयोगी संपादकाने हे पत्र समीक्षणापर्यंतही जाऊ दिले नसते.

त्या जागी पुण्याची माहिती असलेला संपादक बसला असता तर तो फार लवकर थबकला असता. कावसजी हे नाव पारशी वळणाचे आहे, आणि पत्र त्याला शेतकरी मराठा म्हणते. चूक नावात आहे की जातीत, हे त्याने विचारले असते. बाहेरच्या संपादकाला हा प्रश्न सुचलाच नसता, म्हणून अशा नेमणुकीचे मोल आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव त्याने विचारले असते का? तसे मानायला आधार सापडत नाही. विटा भाजणाऱ्याच्या हातातली विद्या पेशवाईतल्या पुण्याच्या विद्वानांनी अधिक आदराने नोंदवली असती, असे दिसत नाही. क्रूसो आणि फिंडले निदान बघायला तरी गेले होते. शंकेचे उत्तर जहाजाने यायला कित्येक महिने लागले असते आणि तोवर पत्र टेबलावर पडून राहिले असते. मग कार्प्यू यांच्या हाती ते पक्के होऊन आले असते की आलेच नसते, हे दोन्ही बाजूंनी तितक्याच जोराने मांडता येते. अर्जाच्या नमुन्यात छापलेल्या निबंधांची संख्या मागतात, परिषदा मागतात, आणि उमेदवार काय विचारेल यासाठी रकाना नसतो. तो ठेवला आणि परीक्षेला हेच पत्र दिले, तरी ते फेटाळणाऱ्याला नेमावे की छापणाऱ्याला, यावर निवड समितीतच एकमत होणे कठीण आहे.