काय वाचवायचे आहे?

ट्रॉय म्हटले की पुष्कळांना शाळेतल्या गोष्टीतला लाकडी घोडा आठवतो. आमचे ट्रॉय ते नव्हे. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठी, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला सुमारे १५० मैलांवर आमचे हे लहानसे गाव आहे. एके काळी येथे शर्टांच्या कॉलर तयार होत, लोखंडाचे कारखाने चालत. आता ते दिवस गेले. पण टेकडीवरचे इंजिनियरिंग कॉलेज, रेन्सेलर पॉलिटेक्निक, १८२४ सालापासून चालू आहे. निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी ती टेकडी चढते. गुडघे कुरकुर करतात, पण इतकी वर्षे वॉर्डात उभे राहिलेले पाय मला घरी बसू देत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाची मुलगी अश्दोदहून आमच्याकडे आली होती. तीही नर्स. तिची मराठी घरात ऐकून शिकलेली, मधूनमधून हिब्रू शब्द पेरलेली, पण कानाला गोड. नुकतीच तिला तिच्या वॉर्डाची मुख्य केली होती. घरात सगळ्यांना आनंद. हीच तेवढी गप्प गप्प. एके सकाळी माझ्याबरोबर टेकडी चढताना ती म्हणाली,

“आत्या, कामाची मला भीती नाही गं. पण एखाद्या रात्री असा प्रसंग आला की विचारायला वर कोणीच नाही, सगळ्या माझ्याच तोंडाकडे बघतायत, तर मला सुचेल का? तुला सुचायचं का?”

मी पटकन म्हटले, “सवयीनं सुचतं.” पण ते उत्तर खोटे होते. एका रात्री मला सुचले नव्हते. ते तिला लगेच सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून समोर कॉलेज होते त्याची गोष्ट मी सुरू केली.

या कॉलेजातून १८५७ साली वॉशिंग्टन रोब्लिंग नावाचा तरुण इंजिनियर होऊन बाहेर पडला. न्यूयॉर्कला जाऊन आलेल्यांनी ब्रुकलिनचा झुलता पूल पाहिला असेलच. तो बांधणारा हा. पुलाची कल्पना मूळ त्याच्या वडिलांची, जॉन रोब्लिंग यांची. १८६९ साली धक्क्यावर उभे असताना बोट येऊन आदळली आणि त्यांचा पाय चिरडला. माणूस बुद्धिमान, पण हट्टी. डॉक्टरांना न जुमानता जखमेवर स्वतःच पाण्याचे उपचार करीत राहिले आणि धनुर्वाताने गेले. सारा भार ३२ वर्षांच्या मुलावर येऊन पडला.

पुलाचे दोन मनोरे नदीच्या तळात रोवायचे होते. त्यासाठी तळ नसलेली एक प्रचंड लाकडी पेटी नदीत उपडी बुडवीत. तिला केसन म्हणतात. पाणी आत येऊ नये म्हणून तिच्यात दाबाने हवा भरायची, मजुरांनी आत उतरून माती उपसायची आणि पेटी खाली खाली सरकत जायची. ब्रुकलिनच्या बाजूला ४४.५ फुटांवर काम भागले. न्यूयॉर्कच्या बाजूला मात्र खडक खूप खोल होता. जितके खोल जावे तितका हवेचा दाब जास्त. पाळी संपवून वर आलेले मजूर दुखण्याने वाकून जात, कोणाचे पाय लुळे पडत. दाब एकदम कमी झाला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजन वायूचे बुडबुडे होतात, हे आज आपण जाणतो. तेव्हा ते कोणाला ठाऊक नव्हते. डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी या आजाराचे सुमारे ११० रोगी तेथे पाहिले. १८७२ च्या एप्रिलच्या शेवटी पहिला मजूर गेला आणि काही दिवसांतच दुसरा.

आता रोब्लिंगपुढचा पेच पाहा. मनोरा खडकावरच उभा करायचा, अशी सर्वांची अपेक्षा. खडक जवळ आलेला, पण उंचसखल. तो सपाट करायचा म्हणजे त्या दाबाखाली आणखी कित्येक महिने काम आणि आणखी किती जीव जातील याचा नेम नाही. थांबावे तर लाखो माणसे ज्यावरून जाणार तो पूल वाळूवर उभा! लोक हसतील, आणि उद्या मनोरा खचला तर पिढ्यान्‌पिढ्या शिव्याशाप.

त्याने काय केले? तो स्वतः खाली उतरला. एकदा नव्हे, अनेकदा. वाळूचे आणि खड्यांचे थर त्याने पाहिले. ते इतके घट्ट बसलेले होते आणि युगानुयुगे असे निश्चल राहिलेले दिसत होते, की मनोऱ्याचे ओझे ते पेलतील अशी त्याची खात्री झाली. १८ मे १८७२ रोजी ७८.५ फुटांवर त्याने काम थांबविले. न्यूयॉर्कच्या बाजूचा तो मनोरा आजही वाळूवरच उभा आहे.

भाची म्हणाली, “म्हणजे त्याचं नशीब चांगलं.”

मी म्हटले, “नशिबावर टाकलं असतं तर तो खाली कशाला उतरला असता?”

खाली उतरण्याची किंमत त्याने मोजली. त्याच आजाराने तो अंथरुणाला खिळला आणि पुढली कितीतरी वर्षे त्याची पत्नी एमिली हिने त्याचे निरोप आणि सूचना पुलावर पोहोचविल्या. १८७८ साली दुसरा प्रसंग आला. तारेच्या कंत्राटदाराने निकृष्ट तार खपविल्याचे उघडकीला आले. ती बरीचशी दोरांत गुंफलीही गेली होती, काढणे अशक्य. दुसरा एखादा हबकून गेला असता. पण लागेल त्याच्या सहापट बळ धरूनच पुलाचा हिशेब केलेला होता. वाईट तार धरूनही निदान पाचपट उरते, हे रोब्लिंगने पाहिले, आणि प्रत्येक दोरात चांगल्या तारेचे सुमारे १५० पदर जादा घालण्याचे ठरविले. पूल २४ मे १८८३ रोजी खुला झाला. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी हे पतीपत्नी १८८४ ते १८८८ आमच्या ट्रॉयमध्ये येऊन राहिले होते.

एवढे बोलून आम्ही घरी आलो. दुपारी चहा घेताना भाचीने पुन्हा तोच प्रश्न काढला. “आत्या, तुझं काय? तुला सुचायचं का?” आता टाळणे बरे दिसले नसते. मी तिला जे सांगितले ते आज पहिल्यांदाच कागदावर लिहीत आहे.

माझे नर्सिंगचे शिक्षण मुंबईत झाले. लग्नानंतर आम्ही अमेरिकेत आलो. पहिल्याच वर्षी, एका हॉस्पिटलात, मी रात्रपाळीला होते. त्या रात्री वॉर्डची जबाबदारी माझ्यावर होती. सकाळी पोटाचे ऑपरेशन झालेली एक म्हातारी बाई होती. अकराच्या सुमारास दुसऱ्या एका रोग्यासाठी मी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा ते माझ्यावर खेकसले होते: क्षुल्लक गोष्टीसाठी झोपमोड करायची नाही. माझे इंग्रजी उच्चारही त्यांना समजले नव्हते. दोनदा बोलावे लागले होते.

एक वाजता त्या बाईची नाडी ९६ होती. दोन वाजता ११२. रक्तदाब थोडा उतरलेला. जखमेची पट्टी कोरडी. ती सारखी कूस बदलत होती आणि पाणी मागत होती. आत कोठेतरी रक्तस्राव होत असावा, अशी शंका मला आली. आपल्याला शंका आली, हे मला आजही स्पष्ट आठवते. मी फोनपर्यंत गेले, हात ठेवला आणि परत फिरले. मनात म्हटले, अजून थोडे पाहू. फोन केला तेव्हा सव्वातीन झाले होते आणि नाडी १३० च्या वर गेली होती. तिला परत ऑपरेशनला नेले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मला कोणी दोष दिला नाही. तासभर आधी कळले असते तरी वाचली असती असे नाही, असे वरिष्ठ म्हणाले. असेलही. पण तो सव्वा तास मी काय वाचवीत होते? डॉक्टरांची झोप, आणि स्वतःचा मान. माझे हसे होऊ नये, एवढेच मी वाचवीत होते. त्या बाईचा जीव वाचवायचा आहे हे मला ठाऊक होते, पण त्या क्षणी दुसऱ्याच गोष्टीला मी आधी जागा दिली.

त्यानंतर मी एक चिठ्ठी लिहून फोनजवळ चिकटविली. नाडी दोनदा ११० च्या वर गेली की फोन. रक्तदाब अमुक इतका उतरला की फोन. लघवी कमी झाली की फोन. पुढे मी जेथे जेथे काम केले तेथे ती चिठ्ठी माझ्याबरोबर गेली. नव्या मुलींना मी सांगत असे, “डॉक्टर ओरडतील. ओरडण्यानं कोणी मरत नाही.” दिवसा, डोके शांत असताना ठरविले, म्हणून रात्री डगमगावे लागले नाही. रोब्लिंगच्या सहापट बळाच्या हिशेबाशी माझ्या चिठ्ठीची बरोबरी मी करीत नाही, पण जात एकच.

भाची बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पण आत्या, चिठ्ठीत नाही असंच काही समोर आलं तर?”

तेव्हा मला आपल्या मुंबईची अंजली कुलथे आठवली. कामा हॉस्पिटल आपल्या समाजाला परके नाही. आपल्या डॉ. जेरुशा झिराड तेथे अधीक्षक होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच कामा हॉस्पिटलात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अंजली कुलथे प्रसूतीपूर्व वॉर्डात कामावर होत्या. त्यांच्याकडे २० गरोदर बायका. हॉस्पिटलचे दोन पहारेकरी दारातच मारले गेले आणि बंदूकधारी आत शिरले. असल्या प्रसंगाची चिठ्ठी कोणी लिहून ठेवलेली असते? कुलथेंनी वॉर्डाची दारे लावून घेतली, दिवे मालविले आणि सगळ्या बायकांना टोकाच्या लहानशा पॅन्ट्रीत नेऊन बसविले. एक मदतनीस बाई गोळी लागून जखमी झाली होती. तिला उपचारासाठी पोचविले. तेवढ्यात एका बाईला कळा सुरू झाल्या. तिचा रक्तदाब वाढलेला. गोळीबार आणि स्फोट चालू असताना डॉक्टर वॉर्डात येणार कसे? कुलथे तिला आधार देत, भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. मूल सुखरूप जन्मले. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ही हकीकत सांगितली.

त्यांच्याकडे मोठा हुद्दा नव्हता. त्या रात्रीपाळीच्या नर्स होत्या. पण या वीसजणी आणि त्यांच्या पोटातली वीस बाळे वाचवायची आहेत, हे त्यांच्या मनात पक्के होते. ते पक्के होते म्हणून बाकीचे सुचत गेले. त्याच हल्ल्यात नरिमन हाऊसमध्ये सॅन्ड्रा सॅम्युएल लपून राहिल्या होत्या. त्यांनाही कोणी हुद्दा दिला नव्हता. पण छोट्या मोशेचे रडणे ऐकून त्या वर गेल्या आणि त्याला उचलून बाहेर पळाल्या. आपल्यापैकी कितीजणांनी तेव्हा परदेशात टेलिव्हिजनपुढे बसून ते दिवस काढले, हे सांगायला नको.

मी भाचीला म्हटले, “पोरी, ऐन वेळी शहाणपण आभाळातून पडत नाही. काय वाचवायचं ते ज्याला आधीपासून ठाऊक, त्याला काय सोडायचं ते आपोआप कळतं. रोब्लिंगला माणसं वाचवायची होती. त्यानं खडकाचा हट्ट सोडला. मला त्या रात्री माझा मान सोडवला नाही. एवढाच फरक.”

ती परत गेली. महिन्याभराने फोन आला. तिने आपल्या वॉर्डातल्या सगळ्या मुलींना बसवून त्यांच्याकडूनच चिठ्ठी लिहून घेतली होती. “आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय आत्या, ओरडण्यानं कोणी मरत नाही. हिब्रूत!” मी हसले, आणि फोन ठेवल्यावर थोडी रडलेही.

वाचकहो, शेवटी एक विचार मनात येतो तो सांगते. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांची गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. जहाज फुटले, ग्रंथ बुडाले, भाषा गेली. त्यांनी तेलाचा घाणा धरला, इथली बोली बोलू लागले, इथला पोशाख केला. इतके सोडले, पण शनिवारी घाणा जुंपला नाही आणि ‘शेमा’ विसरले नाहीत. त्यांच्यातला पुढारी कोण होता, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पण कोणीतरी त्या वाळूवर ओल्या कपड्यांनी उभे राहून ठरविले असेल, की एवढे तरी वाचवायचे. आज आपण अश्दोदला आहोत, लोदला आहोत, ट्रॉयला आहोत. आपल्या घरातल्या मुलीला उद्या मोठी खुर्ची मिळेल. पेढे वाटताना तिला एवढे जरूर विचारा: “बाई गं, वेळ आली तर तुला काय वाचवायचं आहे?” उत्तर तिने आजच शोधून ठेवलेले बरे.