गाडी विकली, सायकल काढली



बाजारात कोणी भेटलं की अजूनही पहिला प्रश्न तोच. "काहो भाऊ, गाडी कुठी गेली?" म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

जुलै २०२२ चा पाऊस आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलं नसेल. माझं नाल्याकाठचं सोयाबीन दोनदा पेरलं अन् दोनदा खरडून गेलं. पऱ्हाटी उभी होती, पण पिवळी. दिवाळीआधी चारचाकी १ लाख ४० हजारांत दिली अन् कर्जाचा हप्ता भरला. सेकंडहँडच घेतली होती, पोराच्या हट्टानं. विकल्यावर वही काढून हिशेब केला. ३ वर्षांत टायर, बॅटरी, विमा, दुरुस्ती मिळून ६२ हजार, डिझेल वेगळं. अन् पावसाळ्यात ती वावरात एक दिवस गेली नाही. आमच्या पांदणीत मिरगापासून दिवाळीपर्यंत बंडी फसते, तिथं गाडीचं काय घेऊन बसता.

मग कोठ्यातली बाबांची २२ इंची सायकल काढली. नवे टायर-ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर. मडगार्ड काढून ठेवले. आपली काळी माती ओली असली की चाक अन् मडगार्डच्या मधात अशी घट्ट बसते, की चाक फिरतच नाही. मग आपण सायकलवर नाही, सायकल आपल्या खांद्यावर. आता पाठीवर चिखलाचे ठिपके उडतात, घरची धुताना बोलते. पण चाक फिरते.

पन्नाशी उलटली तरी खरांगण्याकडे मी कधी गेलो नव्हतो. गाडी होती तेव्हा वर्धा, नागपूर अन् सोयऱ्यांची लग्नं, एवढंच. एका रविवारी पहाटे निघालो, येळाकेळी, आंजी करत. रस्त्यात समृद्धी महामार्गाच्या खालून जावं लागते. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला. त्यावर सायकल, मोटरसायकल, ट्रॅक्टर कोणालाच परवानगी नाही. वरून गाड्या जातात, खालून आपण.

आंजीच्या पुढं चढ लागला अन् पायांनाच जमीन कळायला लागली. काळी पातळ होत जाते, मुरूम वर येतो, मग पुरा बरड. गाडीत बसून हे दिसत नाही. सायकलवर चढ आला की उतरून चालावं लागते, अन् चालताना माणूस धुऱ्यावरचं वावर पाहतेच.

असाच उतरलो असता एका वावरात सोयाबीन पाहिलं. आदल्या आठवड्यात तिकडेही जोराचा पाऊस झाला होता. बाजूच्या वावरात पाणी साचून पीक पिवळं, अन् याचं हिरवंगार. मधामधात एकेक तास रिकामं. धुऱ्यावर म्हातारबाबा बसले होते.

"बाबाजी, पेरताना बी संपलं होतं का जी?"

"बी काहून संपन? मुद्दाम सोडलं. सहा तासं पेराची, सातवं सोडाचं. डवरताना डवऱ्याले दोरी गुंडाळली की सरी पडते. पाणी ज्यादा झालं तं निंगून जाते, कमी झालं तं सरीत मुरते."

पट्टा पेर आपल्या कृषीवाल्यांनी सभेत दहादा सांगितली असेल, मीही ऐकली होती. पण पाणी साचलेल्या वावराच्या बाजूला उभी पाहिली तेव्हा पटली. पुढच्या हंगामात निम्म्या सोयाबीनला केली. ते २०२३ साल होतं, पिवळा मोझॅक आला अन् दोन्हीकडे सारखाच बसला. पट्टा पेरीनं पाण्याचं काम केलं, पांढऱ्या माशीचं नाही. २०२४ ला मात्र एकरी दीड क्विंटलचा फरक पडला. हे माझ्या एका वावराचं सांगतो, सगळीकडे असंच होईल म्हणत नाही.

त्यानंतर कारंजा तालुक्यात सोयऱ्याकडे मुक्काम करून हेटीकुंडीचं जनावर पैदास केंद्र पाहून आलो. गवळाऊ जोडी आमच्या आज्याकडे होती, हे नुसतं ऐकलं होतं. पांढरी, चपळ, पायात हलकी. अर्धा दिवस तिथंच गेला.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर लबाडी होईल. मागच्या पावसाळ्यात रात्री दीडला घरच्या बाईच्या पोटात जोराची कळ आली. बाहेर पाऊस. शेजाऱ्याला उठवलं. त्याच्या छोट्या हत्तीत ताडपत्री लावून, खाली गादी टाकून तिला दवाखान्यात नेलं. पित्ताशयातले खडे निघाले, नंतर ऑपरेशन झालं, आता बरी आहे. पण त्या रात्री मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो अन् पोरगा समोरून एकच बोलला, "बाबा, आज गाडी असती तं?"

मी काहीच बोललो नाही. आजही त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. शेजाऱ्यानं भाडं घेतलं नाही, म्हणून तुरीच्या वेळी एक पोतं त्याच्या घरी टाकलं. पण शेजारी दर रात्री घरी असेलच असं नाही. पोरगा पुन्हा गाडीचं म्हणतो, मी विहिरीवरच्या ठिबकचं म्हणतो. घरात हे भांडण सुरू आहे. घरच्या बाईला विचारलं तर ती म्हणते, "आधी पांदण करून घ्या, मंग दोघंबी बोला."

पांदणीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे.

तूर आता फुलावर आहे. पुढच्या रविवारी आष्टीकडे जायचा विचार आहे, संत्र्याच्या बागा पाहायला. त्या बाजूच्या कोणी बरड जमिनीत तूर घेतली असेल तर कळवा, रस्त्यात उतरून पाहीन. चहा नको, पंपाची हवा असली म्हणजे झालं. मागचं चाक दोन दिवसांपासून हळूहळू बसते.