पार्टनर, मी आणि 5359 मीटर

"दो दिन सिर्फ सोना है," लेहमध्ये आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिकडे आईला 'आमाले' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना आमालेच म्हणायचो. पण मित्रांनो, वर्षभर वडापाव वाचवून काढलेली सात दिवसांची ट्रिप, त्यातले दोन दिवस झोपायचं? झोपायला हॉस्टेल काय वाईट आहे? हे वाक्य माझंच.

गोष्ट जून 2023 ची. दिल्लीहून विमानाने दीड तासात 3500 मीटरवर! दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना हलवून उठवलं आणि खारदुंगलाची टॅक्सी ठरवली. पार्टनर म्हणाला, "डोकं ठणकतंय रे." मी म्हटलं, "चहा घे, जाईल."

लेहपासून खारदुंगला जेमतेम चाळीस किलोमीटर, पण उंची 5359 मीटर. दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश घट, म्हणजे वर बारा अंश कमी, असा हिशोब करून मी जॅकेटं घ्यायला लावली होती. इंजिनिअर ना आपण! विसरलो तो हवेचा दाब. ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच असतो, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. ऊनही अजब. विरळ, कोरडी हवा उष्णता धरून ठेवत नाही, त्यामुळे उन्हाकडचा गाल भाजतो आणि सावलीतला कान गारठतो.

आम्ही फोटो काढत होतो आणि पार्टनर गाडीमागे उलट्या करत होता. हसलो आम्ही. मग तो स्वतःचं जॅकेट काढायला लागला, काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. ओठ निळे. ड्रायव्हरने आम्हाला विचारलंसुद्धा नाही. "नीचे," एवढंच म्हणाला आणि गाडी वळवली.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कल ही आये थे ना?" मी मान खाली घातली.

लडाखमध्ये तेव्हा बाहेरचं प्रीपेड सिम चालत नव्हतं, पोस्टपेड फक्त माझ्याकडे. संध्याकाळी त्याच्या बाबांचा फोन आला. "झोपलाय काका, दमलाय फिरून," मी बेधडक सांगितलं. एवढ्या सफाईने मी व्हायव्हातही कधी थापा मारल्या नाहीत.

रात्रभर कॉरिडॉरमध्ये बसून मोबाईलवर वाचत होतो. अंटार्क्टिकातलं वोस्तोक स्टेशन 3488 मीटरवर, म्हणजे लेहच्याच उंचीवर! 21 जुलै 1983 ला तिथे उणे 89.2 अंश नोंदले गेले. उंची तीच, मग एवढा फरक का? लेहला जूनमध्ये दुपारचा सूर्य क्षितिजापासून 79 अंश वर येतो, वोस्तोकला ऐन उन्हाळ्यातही 35. जे ऊन मिळतं त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास बर्फ परत फेकतं, आणि हिवाळ्यात तर सूर्यच उगवत नाही. कोरडेपणात मात्र दोघं भाऊभाऊ. लेहला वर्षाकाठी शंभरेक मिलिमीटर पाऊस, वोस्तोकला त्याहूनही कमी. तरी याच लेहमध्ये ऑगस्ट 2010 च्या ढगफुटीत दोनशेवर माणसं गेली. असल्या जागी सरासरीवर काय भरवसा ठेवायचा? मी ठेवला होता. दर किलोमीटरला साडेसहा.

पहाटे आमाले थर्मासमधून मिठाचा लोणी घातलेला चहा घेऊन आल्या. "मी सांगितलं होतं" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. पार्टनरने मास्क बाजूला करून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि मला रडू आलं.

नंतर त्याने हा विषय काढला नाही, मीही नाही. अंकासाठी हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्याला दाखवला. वाचून म्हणाला, "छाप. पण बाबांना आधी सांगावं लागेल." आणि त्यानेच नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.